शिंजी इकारीची बाजू : ‘इव्हँगेलियन’मधील पळ, परतणे आणि पुनर्जन्म

जपानमध्ये तयार होणाऱ्या ॲनिमेशनपटांना आणि मालिकांना ‘ॲनिमे’ म्हणतात, आणि या कलाप्रकारातील ज्या नायकांच्या वाट्याला प्रेमाइतकीच हेटाळणीही आली, त्यांत ‘निऑन जेनेसिस इव्हँगेलियन’ या मालिकेतील शिंजी इकारी या १४ वर्षांच्या मुलाचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. हिदेआकी आन्नो यांनी दिग्दर्शित केलेली, गायनॅक्स या स्टुडिओची ही २६ भागांची मालिका ४ ऑक्टोबर १९९५ ते २७ मार्च १९९६ या काळात टीव्ही टोकियो या वाहिनीवर प्रसारित झाली. शिंजी भित्रा आहे, रडका आहे, जगाचे रक्षण करण्याची संधी चालून आली असता तो स्वतःच्या दुःखातच गुरफटून राहतो, असे आक्षेप तेव्हापासून आजतागायत घेतले जातात. मालिकेचा पुरावा मात्र वेगळे सांगतो. शिंजी वारंवार पळतो हे खरे असले, तरी तो प्रत्येक वेळी परततो, आणि या कथेतील पुनर्जन्माची कल्पना त्या परतण्याच्या क्रियेवरच उभी आहे. त्यामुळे नायक दुबळा ठरवला की कथेचा गाभाही हातचा सुटतो.

वारसा आणि हुकूम

महाकाय यंत्रमानवांच्या कथांना ‘मेका’ असे म्हणतात. या प्रकाराला लोकप्रियता मिळवून देणाऱ्या कलाकृतींपैकी गो नागाई यांच्या १९७२ मधील ‘माझिंगर झेड’मध्ये तरुण नायकाला यंत्रमानव लाभतो तो आजोबांचा वारसा म्हणून, आणि त्या वारशाबरोबर त्याला सामर्थ्य आणि जीवितकार्य या दोन्ही गोष्टी मिळतात. योशियुकी तोमिनो यांच्या १९७९ मधील ‘मोबाइल सूट गंडम’ने युद्धाला कंटाळणारा, क्वचित लढायला नकारही देणारा किशोर नायक पुढे आणला. आन्नो यांनी याच वाटेवर आणखी पुढे जाऊन वडील आणि मुलगा यांच्यातील नात्यालाच हात घातला. शिंजीची आई युई एका प्रयोगात त्याच्या डोळ्यांदेखत नाहीशी झाली आहे, वडील गेंदो यांनी त्याला दुसऱ्याच्या घरी सोडून दिले आहे, आणि तीन वर्षांच्या दुराव्यानंतर त्यांनी त्याला बोलावले आहे ते ‘इव्हा’ नावाचे महाकाय शस्त्र चालवण्यासाठी. येथे वारशाची जागा हुकुमाने घेतली आहे.

कथेचा काळ २०१५ हा आहे. २००० मध्ये दक्षिण ध्रुवावर झालेल्या ‘सेकंड इम्पॅक्ट’ नावाच्या महास्फोटात आणि त्यानंतरच्या संहारात निम्मी मानवजात नष्ट झालेली आहे, आणि हाकोने परिसरात वसवलेल्या ‘टोकियो-३’ या तटबंदीच्या शहरावर ‘एंजल’ म्हणून ओळखले जाणारे अनाकलनीय जीव एकामागून एक चालून येत आहेत. त्यांच्याशी लढणारे इव्हा हे दिसायला यंत्र असले, तरी चिलखताखाली मांस आणि रक्त असलेले जिवंत देह आहेत, आणि शिंजी ज्यात बसतो त्या पहिल्या क्रमांकाच्या इव्हामध्ये त्याच्या आईचा आत्मा सामावलेला आहे. चालकाची कुपी ‘एलसीएल’ नावाच्या अंबर रंगाच्या द्रवाने भरली जाते, चालक त्या द्रवातूनच श्वास घेतो, आणि इव्हाच्या पाठीला जोडलेल्या वीजतारेला ‘नाळ’ असेच नाव आहे. म्हणजे शिंजी युद्धाला निघतो तो प्रत्येक वेळी नकळत आईच्या उदरात शिरून, आणि लढाई संपली की त्याला त्या उदरातून पुन्हा बाहेर यावे लागते. कथेच्या रचनेतच जन्माचे हे आवर्तन गोवलेले आहे.

पळणाऱ्याची नोंद

शिंजीवरील भित्रेपणाचा आरोप तपासायचा, तर घटनांचा क्रम नीट पाहावा लागतो. पहिल्याच भागात तो इव्हात बसायला नकार देतो, आणि कोणतेही प्रशिक्षण नसलेल्या मुलाने दिलेला हा नकार सर्वस्वी शहाणपणाचा आहे. मग गेंदो गंभीर जखमी असलेल्या रेई आयानामी या मुलीला त्याच्या जागी पाठवायचे ठरवतात. हल्ल्याच्या हादऱ्याने ती खाटेवरून खाली पडते, तिला सावरताना शिंजीच्या हाताला तिचे रक्त लागते, आणि तेव्हा तो होकार देतो. त्याच्या होकारामागे कीर्तीची इच्छा नसते किंवा सूडाची भावनाही नसते. आपण नाही म्हटले तर ही मुलगी मरेल, एवढेच त्याला दिसते.

चौथ्या भागात तो शहरभर आणि डोंगरात भटकतो, काम सोडतो, रेल्वेस्थानकापर्यंत पोहोचतो आणि गाडीत मात्र चढत नाही. सहाव्या भागात लढाई संपल्यावर तो रेईच्या कुपीचा तापलेला दरवाजा हातांनी उघडतो. दहाव्या भागात सहकारी आसुका ज्वालामुखीच्या तप्त रसात बुडू लागते, तेव्हा संरक्षक साधनांशिवाय तिच्यामागे उडी घेणाराही शिंजीच असतो. अठराव्या भागात शत्रूने ताब्यात घेतलेल्या इव्हात माणूस अडकला आहे हे कळल्यावर तो त्याच्यावर हल्ला करण्याचे साफ नाकारतो आणि त्यापेक्षा स्वतः मरण पत्करायला तयार होतो. तेव्हा गेंदो त्याच्या हातातील नियंत्रण काढून घेतात, ‘डमी प्लग’ या स्वयंचलित यंत्रणेकडून काम करवून घेतात आणि आतील मुलगा, शिंजीचा वर्गमित्र तोजी, गंभीर जखमी होतो. त्यानंतर शिंजीने सर्व सोडून निघून जाण्याला पळ म्हणता येणार नाही, कारण तो एका नैतिक नकाराचा उत्तरार्ध आहे. तरीही, पुढच्याच भागात शहर कोसळू लागल्यावर तो परततो, आणि या वेळी त्याला कोणीही आज्ञा केलेली नसते.

धैर्याची जी व्याख्या साहसकथांनी रूढ केली आहे, तिच्यात भीतीचा अभाव गृहीत धरलेला असतो. शिंजीच्या बाबतीत भीती कधीच संपत नाही, प्रत्येक वेळी तिची किंमत नव्याने मोजावी लागते, आणि म्हणूनच त्याचे प्रत्येक परतणे हा स्वतंत्र निर्णय ठरतो. या मुलाभोवतीची वडीलधारी माणसे त्याच्याकडून काम करून घेतात, पण त्याचे ऐकून घ्यायला कोणाला सवड नाही. त्याला घरी ठेवून घेणारी मिसातो कात्सुरागी ही अधिकारी मनापासून माया करते, परंतु ती स्वतःच आपल्या वडिलांच्या आठवणीने दुभंगलेली आहे. चोविसाव्या भागात काओरू नागिसा हा मुलगा त्याला निखळ आपुलकी दाखवतो, तोच शेवटचा एंजल निघतो, आणि त्याला मारण्याचे काम शिंजीवरच येते. आन्नो यांनी हा प्रसंग सुमारे एक मिनिट स्थिर ठेवलेल्या एकाच चित्रात दाखवला आहे. यानंतर शिंजी हातपाय गाळतो, आणि मालिकेने तोवर त्याच्यावर जे लादले ते लक्षात घेता हे कोसळणेच मानसिकदृष्ट्या खरे वाटते.

जेथे बचाव थांबतो

शिंजीची बाजू घेणे म्हणजे त्याच्या प्रत्येक कृतीचे समर्थन करणे नव्हे. १९ जुलै १९९७ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘द एंड ऑफ इव्हँगेलियन’ या चित्रपटाच्या आरंभी, रुग्णालयात बेशुद्ध पडलेल्या आसुकाच्या खाटेशी त्याच्या हातून जे लज्जास्पद वर्तन घडते, त्याला कोणतेही स्पष्टीकरण पुरत नाही, आणि त्यानंतर तो स्वतःविषयी जो घृणेचा उद्गार काढतो त्यावरून हे त्यालाही ठाऊक असल्याचे दिसते. पुढे आसुकाचा इव्हा शत्रूंकडून फाडला जात असताना तो वेळेवर पोहोचत नाही, ही चूकही गंभीर आहे. चित्रपटाने यातील काहीही झाकलेले नाही. नायकाचे अपराध दाखवूनही त्याचा त्याग न करण्याची ही भूमिका आन्नो यांच्या स्वतःच्या अनुभवातून आलेली होती. त्यांची ‘नादिया’ ही मालिका १९९१ मध्ये संपल्यानंतरची चार वर्षे ते नैराश्याशी झगडत होते आणि त्या काळात आपण काहीच करू शकलो नाही, असे त्यांनी ‘इव्हँगेलियन’च्या आरंभकाळीच लिहून ठेवले आहे. त्यांच्याभोवतीचा देशही तेव्हा हादरलेला होता. जानेवारी १९९५ मधील कोबेचा भूकंप आणि मार्चमध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत ओम शिनरिक्यो या पंथाने केलेला सारिन वायूचा हल्ला, या दोन्ही घटना मालिका सुरू होण्याच्या काही महिने आधीच्या आहेत.

विलय आणि पुनर्जन्म

या मालिकेत पुनर्जन्माची अनेक रूपे येतात आणि कथा त्यांची जणू एकेक करून परीक्षा घेते. पहिले रूप रेईचे. रेईचे अनेक देह प्रयोगशाळेतील टाकीत तयार आहेत, आत्मा मात्र एकच आहे, आणि एक देह नष्ट झाला की तिला दुसरा दिला जातो. एक आत्मा आणि अनेक देह ही कल्पना भारतीय वाचकाला ओळखीची वाटेल. परंतु तिसऱ्या देहातील रेईला आधीच्या रेईचे जिव्हाळ्याचे क्षण आठवत नाहीत, तिच्या डोळ्यांतून पाणी येते आणि ते का येते हे तिला समजत नाही. संबंध तुटले तर नुसता देह बदलण्याला पुनर्जन्म म्हणता येत नाही, असा या प्रसंगाचा अर्थ आहे.

दुसरे रूप शिंजीचे. एकोणिसाव्या भागातील लढाईत तो इव्हाशी इतका एकरूप होतो की त्याचा देह एलसीएलमध्ये विरघळून जातो. विसाव्या भागात महिनाभरानंतर तो परत येतो तेव्हा त्याला परत आणणारी वैज्ञानिक यंत्रणा आधीच निकामी ठरलेली असते, आणि आईच्या सान्निध्यात राहण्याचा मोह सोडून माणसांत परतण्याची त्याची स्वतःची इच्छाच त्याला बाहेर आणते.

तिसरे आणि सर्वांत व्यापक रूप म्हणजे ‘मानव परिपूर्ती योजना’. माणसांमाणसांतील भिंती नाहीशा करून सर्व आत्मे एका सागरात मिसळून टाकावेत, म्हणजे एकाकीपणा आणि दुःख कायमचे संपेल, अशी ही योजना आहे. या भिंतीला मालिकेत ‘एटी फील्ड’ म्हणतात. आरंभी ते एंजलांचे अभेद्य कवच वाटते, पण अखेरीस काओरूच्या तोंडून कळते की ते प्रत्येक हृदयाभोवती असते. जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहावर यांनी १८५१ मध्ये मांडलेली साळिंदरांची रूपककथा चौथ्या भागाच्या संदर्भात येते : थंडीत ऊब मिळावी म्हणून जवळ यावे तर काटे टोचतात, आणि दूर जावे तर गारठायला होते. परिपूर्ती योजना या पेचावरचा उपाय म्हणून साळिंदरेच नाहीशी करते.

‘द एंड ऑफ इव्हँगेलियन’मध्ये हा निर्णय शिंजीच्या हाती येतो. तो आधी सर्वांच्या नाशाची इच्छा करतो, जग एलसीएलचा सागर होऊन जाते, आणि त्या वेदनारहित सागरात त्याला उमगते की जेथे दुसरे कोणी नाही तेथे आपणही नाही. इतर माणसे आपल्याला पुन्हा दुखावतील हे ठाऊक असूनही तो वेगवेगळ्या देहांच्या जगात परतणे निवडतो. मराठी वाचकाला या ठिकाणी मुक्तीऐवजी पुन्हा गर्भवास मागणारे तुकाराम आठवतील. मात्र तुकारामांची मागणी नामाच्या आणि संतसंगाच्या आनंदातून येते, तर शिंजीजवळ असा कोणताही आनंद नाही, केवळ त्याची शक्यता आहे, आणि तेवढ्या आधारावर त्याने घेतलेला निर्णय त्यामुळेच अधिक मोलाचा ठरतो. परतल्यावर तो लगेच सुधारत नाही. समुद्रकिनारी तो आसुकाचा गळा धरतो, ती त्याच्या गालावरून हात फिरवते, आणि तो थांबून रडू लागतो. पुनर्जन्म झाला तरी स्वभाव आणि अपराध सोबत येतात, हे सांगण्याचा प्रामाणिकपणा या शेवटात आहे.

शेवटाची दुसरी मांडणी

आन्नो यांनी २००६ मध्ये खारा हा स्टुडिओ स्थापन केला आणि २००७, २००९, २०१२ व २०२१ अशा चार चित्रपटांतून ही कथा नव्याने मांडली. तिसऱ्या चित्रपटानंतर ते पुन्हा नैराश्यात गेल्याचे त्यांनी जाहीरपणे सांगितले, मधल्या काळात २०१६ मध्ये ‘शिन गोडझिला’ केला, आणि ८ मार्च २०२१ रोजी प्रदर्शित झालेल्या अखेरच्या भागाने जपानमध्ये एक हजार कोटी येनहून अधिक उत्पन्न मिळवले.

या अखेरच्या चित्रपटाचा पहिला मोठा भाग युद्धापासून दूर, जगबुडीतून वाचलेल्यांनी वसवलेल्या एका खेड्यात घडतो. आपल्या हातून जग उद्ध्वस्त झाले या जाणिवेने शिंजी मूक झाला आहे, अन्नही घेत नाही. मोठे झालेले त्याचे वर्गमित्र त्याला ठेवून घेतात, समोर ताट ठेवतात, आणि त्याच्याकडून काहीही मागत नाहीत. रेईसारखी दिसणारी, नावही नसलेली एक मुलगी त्याच खेड्यात बायकांबरोबर चिखलात भाताची रोपे लावते, नमस्कार-चमत्कार, आभार, निरोप यांचे शब्द एकेक करून शिकते आणि शिंजीजवळ येऊन बसते. ती नाहीशी झाल्यावर तो उठतो, आपल्या अपराधाची जबाबदारी स्वीकारतो, वडिलांशी लढणे सोडून त्यांचे म्हणणे ऐकतो, आणि एकेका सोबत्याला त्याच्या दुःखातून मोकळे करत इव्हा नसलेले जग घडवतो. अखेरच्या दृश्यात तारुण्यात आलेला शिंजी ज्या स्थानकावरून बाहेर धावत निघतो, ते आन्नो यांच्या जन्मगावचे, उबे येथील आहे.

१९९५ च्या शिंजीत आणि २०२१ च्या शिंजीत स्वभावाचा मोठा फरक नाही. फरक आहे तो भोवतालच्या माणसांत. पहिल्या शिंजीला मोडल्यानंतर पुन्हा कामाला जुंपले गेले, दुसऱ्याला मोडलेल्या अवस्थेत राहण्याइतका वेळ देण्यात आला. परतण्याची ताकद त्या मुलात आधीपासूनच होती, याला मालिकेचे २६ भाग साक्ष देतात. त्याला हिणवणाऱ्यांनी त्याच्याकडे निर्भयतेची मागणी केली, परंतु कथेने खरी मागणी त्याच्या वडीलधाऱ्यांकडे केलेली आहे : कोसळलेल्या मुलाला उपयोगी पडण्याची अट न घालता जवळ ठेवून घ्या, कारण कोणाचाही पुनर्जन्म एकट्याच्या बळावर होत नाही.