पाळी गेल्यानंतर खाली आग का होते?

वस्तीत रक्तदाब, साखर तपासायला बसलो की पन्नाशीच्या बाया आम्हाला गुडघे दाखवतात, कंबर दाखवतात. उठता उठता इकडेतिकडे पाहून हळूच म्हणतात, ‘बाई, खाली आग होते. लघवीला झोंबतं. मालक जवळ आले की जीव जातो.’ घरी हे बोलायची सोय नाही. या वयात कसली तक्रार, म्हणून सून हसेल!

पाळी थांबली की अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन आटतं. योनीची त्वचा पातळ, कोरडी होते. तिथले चांगले जंतू कमी होतात, म्हणून लघवीचा संसर्ग पुन्हा पुन्हा होतो. इतकं डॉक्टर सांगतात. नसांबद्दल, म्हणजे संवेदना नेणाऱ्या मज्जातंतूंबद्दल, सहसा कोणी बोलत नाही. वाटतं, त्वचेबरोबर त्याही सुकत असतील. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाच्या संशोधकांनी योनीच्या त्वचेचे बारीक तुकडे तपासले, तर उलटंच दिसलं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात हार्मोन न घेणाऱ्या बायांमध्ये नसांचं जाळं दाट होतं. हार्मोन घेणाऱ्यांमध्ये ते विरळ होतं, आणि जागेवरच औषध लावणाऱ्यांमध्ये आणखी विरळ. या नसांमध्ये वेदना पोचवणाऱ्या असतात, रक्तवाहिन्या आवळणाऱ्याही असतात. एका अभ्यासावर सगळं ठरत नाही. पण ‘मनाचे खेळ आहेत’ म्हणणाऱ्यांनी तो जरूर वाचावा.

यावर योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम मिळतं. डॉक्टर साधारणपणे दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा लावायला सांगतात. मात्रा इतकी कमी असते की रक्तात फारसं उतरत नाही. गुण यायला काही आठवडे लागतात, कधी दोन-तीन महिनेही. बंद केलं की त्रास बहुधा परततो. आठ दिवसांत ट्यूब फेकून देऊ नका. स्तनाचा कर्करोग झालेल्या बाईने मात्र कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारूनच वापरावं. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी आधी तपासणी. आणि डेटॉल, साबणाने आतून धुणं आजच थांबवा.

पिशवी काढलेल्या भगिनींचं थोडं वेगळं आहे. बीडच्या ऊसतोड बायांच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, तो आठवत असेल. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली असतील, तर इस्ट्रोजेन एका झटक्यात जातं आणि हा त्रास पस्तिशीतच गाठू शकतो. अशा वेळी नुसतं क्रीम पुरत नाही. हाडांचा, हृदयाचाही विचार करावा लागतो. काय काय काढलं ते ऑपरेशनच्या कागदावर लिहिलेलं असतं. तो कागद जपा, डॉक्टरांना दाखवा.

सरकारी दवाखान्यात गेल्यावर ‘खाजवतं’ एवढंच सांगितलं, तर अनेकदा बुरशीचं मलम हाती पडतं. कोरडेपणा, आग, संबंधाच्या वेळचं दुखणं आणि पाळी कधी गेली, हे चारही सांगा. डॉक्टरांसमोर जीभ रेटत नसेल तर आधी सिस्टरला सांगा.