‘सी’ विषाणू आणि विसरणारी माणसं

भारतातल्या एचआयव्हीबाबत एक समज गेली अनेक वर्षं निवांत नांदतो आहे. आपल्याकडचा विषाणू बहुतांशी ‘सी’ उपप्रकाराचा, आणि ‘सी’ मेंदूच्या वाटेला फारसा जात नाही. परिषदांतून हे इतक्या सहज सांगितलं जातं की पुरावा कुणी मागत नाही. पुरावा आहे, देखणाही आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष तेवढा घाईचा आहे.

या कथेचा मोठा भाग आपल्या पुण्यात घडला. नुकतीच लागण झालेल्या सहा जणांच्या विषाणूंचे संपूर्ण जनुकसंच १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या कामात भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेचे, म्हणजे ‘नारी’चे, रमेश परांजपे होते. पाच विषाणू निखळ ‘सी’ निघाले, सहावा ‘ए’ आणि ‘सी’ यांची सरमिसळ. ती सरमिसळ दाखवण्यासाठी जॉन्स हॉपकिन्सच्या स्टुअर्ट रे यांनी लिहिलेली ‘सिमप्लॉट’ ही संगणकप्रणाली पुढे जगभर वापरली गेली, करोना विषाणूंच्या अभ्यासातही. पुण्याच्या रक्तनमुन्यांशी जोडलेलं हे काम आज पुण्यातही फारसं कुणाला ठाऊक नसावं, याची खंत वाटते.

मग आलं ‘टॅट’. विषाणूचं हे प्रथिन लागण झालेल्या पेशीबाहेर पडतं आणि मोनोसाइट या पांढऱ्या पेशींना आपल्याकडे ओढतं. याच पेशी विषाणूला मेंदूत घेऊन जातात. ‘बी’ उपप्रकाराच्या टॅटमध्ये ३० आणि ३१ या लगतच्या जागांवर सिस्टीन हे अमिनो आम्ल असतं. भारतीय ‘सी’मध्ये ३१व्या जागी बहुधा सेरीन बसलेलं असतं. एवढ्या एका बदलाने टॅटची ओढण्याची ताकद घटते, हे बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू केंद्रातल्या उदयकुमार रंगा यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवलं. २००८ मध्ये मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात पंकज सेठ यांच्या गटाला मानवी चेतापेशींवर ‘सी’चं टॅट कमी विषारी आढळलं. त्याच वर्षी न्यूयॉर्कमधल्या विनायक प्रसाद यांच्या गटाने उंदरांवर प्रयोग केले. ‘बी’ची लागण असलेले उंदीर स्मृतीच्या कसोटीत जास्त चुकले. एका अमिनो आम्लापासून उंदराच्या आठवणीपर्यंत पोचलेली ही साखळी विषाणूशास्त्रातल्या सुंदर कामांपैकी एक आहे.

 

पण उंदीर आणि काचेच्या ताटलीतल्या पेशी म्हणजे रुग्ण नव्हेत. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये २००७ साली उपचार न घेतलेल्या ‘सी’ग्रस्त प्रौढांची तपासणी झाली, तेव्हा सुमारे ६० टक्के जणांत सौम्य ते मध्यम बौद्धिक उणिवा आढळल्या. तीव्र स्मृतिभ्रंश नव्हता, हे खरं. दक्षिण आफ्रिकेत २०१४ मध्ये तेच ३१वं स्थान तपासलं, तर त्या बदलामुळे रुग्णांच्या कामगिरीत फरक पडलेला दिसला नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातल्या शवविच्छेदनांचा अहवाल १९९८ मध्ये आला. त्यात मेंदूत टीबी, टॉक्सोप्लाझ्मा, क्रिप्टोकॉकस सापडत होते. त्या काळी माणूस स्मृतिभ्रंशापर्यंत पोचण्याआधीच अशा संसर्गांनी जात असे. ‘सी’ला सौम्य ठरवणारे हे लक्षात घेत नाहीत. आता शवविच्छेदनंच विरळ झाली. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूंचं प्रमाण, दिसेनासा झाला की तपासणी संपली, असं मानणारी पिढी तयार झाली आहे.

खरा घोळ मोजमापात आहे. पालघर जिल्ह्यातल्या नरपडच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमाराला भरती-ओहोटीचं गणित तोंडपाठ असतं. तलासरीच्या पाड्यावरची बाई अख्ख्या गावाची नाती सांगते. त्यांच्या हातात पेन्सिल देऊन आकडे आणि अक्षरं क्रमाने जोडायला लावलं तर दोघं नापास होतील, आणि त्यात विषाणूचा दोष नसेल. उलट शिकलेल्या माणसाची खरी घसरण त्याच कसोटीत लपून जाते. शिक्षण, वय आणि बोली जुळणाऱ्या, लागण नसलेल्या शेजाऱ्यांशी तुलना केल्याशिवाय जनुकांबद्दल बोलणं व्यर्थ आहे. पुण्याच्या ‘नारी’त मनीषा घाटे, संजय मेहेंदळे आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी उपचारांमुळे बुद्धीवर होणारा परिणाम तपासला, त्याचा अहवाल २०१५ मध्ये आला. तसं काम पालघर जिल्ह्याच्या वारली वस्त्यांत व्हायला हवं.

तोवर साधं साधन आहे. नेड सॅक्टर यांच्या गटाने २००५ मध्ये मांडलेल्या छोट्या चाचणीत बोटं भरभर आपटायची, हाताच्या तीन मुद्रा क्रमाने करायच्या आणि चार शब्द थोड्या वेळाने आठवायचे. १२ पैकी १० किंवा त्याहून कमी गुण आले तर पुढे तपासायचं. कागद-पेन्सिल नको, काही मिनिटं पुरतात. डहाणू-तलासरीत एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीविरोधी उपचाराच्या, गोळ्या घेणाऱ्या प्रत्येकाची ही चाचणी वर्षातून एकदा, त्याच्या बोलीत आणि त्याची ओळख गुप्त ठेवून व्हावी. घरातलं कुणी गोळी घेतली की नाही हेच विसरू लागलं, तर ते वयावर ढकलू नका. पुढच्या तारखेला समुपदेशकाला आवर्जून सांगा.