झिरो बावन्न चौतीसमधला झिरो

चांदवडच्या द्राक्ष-कांदा पट्ट्यात 'झिरो बावन्न चौतीस' म्हणून मागितलं जाणारं पांढरं खत म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट. आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पालाशाचे. भाव बावन्नाकडे बघून दिला जातो. खरं मोल मात्र पहिल्या शून्याचं आहे. खरड छाटणीनंतर काडीच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड आकार घेतो. तेव्हा नत्र जास्त झालं तर वेल शेंड्याकडे पळते आणि घडनिर्मिती मागे पडते. बारा एकसष्ट या खतातून स्फुरद मिळतो, पण सोबत बारा टक्के नत्रही येतं. इथे ते नाही, आणि द्राक्षाला बाधणारं क्लोराइडही नाही. हे खत पाण्यात पूर्ण विरघळतं. २० अंश तापमानाला लिटरभर पाण्यात सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास. द्रावण किंचित आम्ल असतं, सामू साडेचारच्या घरात. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत स्फुरद कॅल्शियमशी बांधला जाऊन अडकतो. म्हणूनच ठिबकातून थेट मुळांपाशी, थोडं-थोडं देण्याला अर्थ आहे.

यावर हिशेबी शेतकरी विचारेल की अनुदानाची डीएपी असताना हे महागडं खत कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि फवारणीपुरतं उत्तर त्याच्याच बाजूने जातं. लिटरला ५ ग्रॅमप्रमाणे २०० लिटर पाण्यात एक किलो खत पडतं, म्हणजे अर्धा किलोच्या थोडं वर स्फुरद. डीएपीच्या ५० किलोंच्या एका गोणीत तोच २३ किलो असतो. फवारणीने जमिनीतली भूक भागत नाही. तो दावा विक्रेत्याचा, रसायनशास्त्राचा नव्हे. (बावन्न हा आकडाही ऑक्साइडच्या रूपातला, मूलद्रव्य म्हणून फॉस्फरस जेमतेम २३ टक्के.) पण डीएपीत १८ टक्के नत्र आहे, आणि नको त्या वेळी मिळालेलं नत्र स्वस्त पडलं म्हणून उपयोगी ठरत नाही. बेसल डोस डीएपीचा किंवा सुपर फॉस्फेटचा, आणि नत्र आवरायच्या दिवसांत हे, अशी वाटणी मला पटते. तीही माती परीक्षण हातात असेल तर. स्फुरद आधीच भरपूर असलेल्या बागेत पैसे वाया जातातच, शिवाय जस्त आणि लोहाची उपलब्धताही घटते.

याच क्षाराचे मोठे स्फटिक लेझरच्या अवरक्त प्रकाशाची वारंवारता दुप्पट करून तो हिरवा करतात. खेळाडूंच्या काही पेयांत हाच क्षार आम्लता स्थिर ठेवतो. बागेत मात्र तो कॅल्शियम नायट्रेटसोबत एकाच टाकीत कालवू नये. पाणी दुधाळ होतं, कॅल्शियम फॉस्फेटचा साका बसतो आणि ड्रिपर चोंदतात.