मराठी ख्रिस्ती परंपरेतील मृत्युविचार आणि सार्वकालिक जीवनाची आशा

प्रस्तावना

दिवंगत व्यक्तीच्या नावाआधी मराठीत जे उपपद लिहिले जाते, त्यात त्या समाजाची परलोककल्पना सामावलेली असते. 'कैलासवासी' आणि वारकऱ्यांचा 'वैकुंठवासी' हे शब्द मृताचे गंतव्य स्थान सांगतात. मराठी ख्रिस्ती समाज 'ख्रिस्तवासी' असे लिहितो. या शब्दात स्थळाचा निर्देश नाही, ज्याच्या सहवासात मृत आहे त्याचा निर्देश आहे. हा भेद केवळ शब्दांचा नाही. ख्रिस्ती आशेचे नेमके स्वरूप काय आणि मराठी भूमीत ती कशी व्यक्त झाली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अमरत्व आणि पुनरुत्थान

सार्वकालिक जीवन म्हणजे आत्म्याचे अमरत्व, असा सर्वसाधारण समज आढळतो. आत्मा अविनाशी असून जीर्ण वस्त्राप्रमाणे देह टाकतो, हा गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील विचार आपल्या परिचयाचा आहे. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोनेही आत्म्याचे अमरत्व मानले. बायबलमधील विचार मात्र निराळ्या दिशेने जातो. ऑस्कर कुलमान या अभ्यासकाने 1955 मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील व्याख्यानात हा भेद दोन मृत्यूंच्या तुलनेतून स्पष्ट केला. सॉक्रेटिस शांतपणे विषाचा प्याला घेतो, कारण मृत्यू त्याला सुटका वाटतो. येशू मात्र गेथशेमाने बागेत व्याकूळ होतो, कारण त्याच्या दृष्टीने मृत्यू हा शत्रू आहे.

करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात संत पौलाने मृत्यूला शेवटचा शत्रू म्हटले आहे. त्याच अध्यायात तो पेरलेल्या दाण्याचा दृष्टांत देतो. दाणा मातीत जातो आणि त्यातून नवे रोप उगवते. रोप दाण्यासारखे दिसत नाही, तरी ते त्याच दाण्याचे असते. पुनरुत्थानात व्यक्तीचे रूप पालटते, परंतु तिची ओळख नाहीशी होत नाही. त्यामुळे ही कल्पना पुनर्जन्माहून वेगळी ठरते, तसेच जीवब्रह्मैक्यरूप मोक्षाहूनही वेगळी ठरते. या आशेचा आधार आत्म्याचा स्वभाव नसून ईश्वराची कृती आहे.

मराठी शब्दांचा शोध

हा विचार मराठीत सांगताना शब्दांची अडचण येणे अपरिहार्य होते. इंग्लंडमधून 1579 मध्ये गोव्यात आलेले जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' 1616 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी ओवी छंद स्वीकारला आणि स्वर्गासाठी 'वैकुंठ' यासारखे रूढ शब्दही स्वीकारले. श्रोत्याला परिचित असलेल्या शब्दात नवा अर्थ भरावा, ही त्यांची रीत होती.

पंडिता रमाबाईंचा मार्ग याच्या उलट होता. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर करताना त्यांनी वेदान्ती छटेचे शब्द टाळून साध्या बोलीचा आग्रह धरला. त्यांच्या दृष्टीने जुन्या शब्दाबरोबर जुना अर्थही येतो. या कार्यामागील जीवन मृत्यूने वेढलेले होते. 1870 च्या दशकातील दुष्काळात त्यांचे आईवडील व बहीण गेली, पुढे भाऊ व पतीही गेले. कन्या मनोरमा 1921 मध्ये निवर्तली. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंचे निधन झाले, तेव्हा भाषांतर हातावेगळे झाले होते. पुनरुत्थानाचा शब्द अचूक असावा हा त्यांचा आग्रह केवळ पांडित्याचा नव्हता, असे म्हणता येईल.

देह, दफन आणि दहन

इंग्रजीतील 'सेमेटरी' हा शब्द ज्या ग्रीक शब्दापासून आला, त्याचा अर्थ निजण्याची जागा असा आहे. मृत हा निद्रिस्त आहे व तो उठवला जाईल, या श्रद्धेमुळे दफनाची प्रथा रूढ झाली. तथापि दफन हा आशेचा संकेत आहे, तिची अट नव्हे. कवी नारायण वामन टिळक 9 मे 1919 रोजी मुंबईत निवर्तले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्या देहाचे दहन करण्यात आले. ख्रिस्ती श्रद्धा आणि भारतीय रीत यांत त्यांना विरोध वाटला नाही. रोमन कॅथलिक चर्चने 1963 मध्ये दहनाला अनुमती दिली. मात्र अस्थी विखुरू नयेत, त्या पवित्र स्थळी ठेवाव्यात, असे 2016 मध्ये स्पष्ट केले.

पंथभेदही येथे लक्षात घ्यावा लागतो. कॅथलिक समाजात 2 नोव्हेंबर रोजी मृतांसाठी प्रार्थना केली जाते. प्रोटेस्टंट पंथ शुद्धिस्थानाची कल्पना मानत नाहीत, म्हणून त्यांच्या अंत्यविधीत आभार व सांत्वन यांवर भर असतो. पुनरुत्थानाची आशा मात्र दोहोंत समान आहे.

जालना परिसराचा संदर्भ

परलोकाची आशा माणसाला इहलोकाविषयी उदासीन करते, असा आक्षेप घेतला जातो. या संदर्भात जालना जिल्ह्यातील उदाहरण विचारार्ह आहे. 1843 मध्ये मुंबईत ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या वतीने जालना येथे कार्य उभारले. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या काळात मिळालेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ 'बेथेल' ही वसाहत वसवली. तेथे येणाऱ्यांमध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील कुटुंबे मोठ्या संख्येने होती.

ज्या समाजाच्या देहाचा स्पर्श विटाळ मानला जात होता आणि ज्याचे प्रेतही वेगळ्या जागी न्यावे लागत होते, त्याच्यासमोर देह ईश्वराला मोलाचा आहे आणि तो उठवला जाईल, हा विचार आला. आत्मा तेवढा शुद्ध, असे सांगून देहाचा अपमान झाकता येतो. देहाच्या पुनरुत्थानाची भाषा तो झाकू देत नाही. शेषाद्रींचे 1891 मध्ये समुद्रप्रवासात निधन झाले. बेथेलच्या संस्थापकाला बेथेलच्या भूमीत विसावा मिळाला नाही. ही आशा कबरीवर अवलंबून नसते, याचेही हे उदाहरण होय.

समारोप

ख्रिस्ती दृष्टीने मृत्यू हा भ्रम नाही आणि सुटकाही नाही. तो खरा वियोग आहे, म्हणून त्या परंपरेत शोकाला स्थान आहे. लाजराला उठवण्यापूर्वी येशू त्याच्या कबरीजवळ रडला, असे योहानाचे शुभवर्तमान सांगते. उठवणार असतानाही तो रडला, हे विशेष महत्त्वाचे आहे. आशा अश्रूंना निषिद्ध ठरवत नाही. मृत्यूचा शब्द अखेरचा नाही, एवढेच ती सांगते. एखाद्या ख्रिस्ती सहकाऱ्याच्या घरी सांत्वनाला जाताना किंवा महाविद्यालयाच्या शोकसभेत ठराव लिहिताना या भेदाची जाण असेल, तर आपले शब्द त्या कुटुंबाच्या श्रद्धेच्या अधिक जवळ जातील.