बोलकी मोटार आणि आमचे रान

मोटारीला तोंड फुटले तर ती काय बोलेल? आमच्या चंद्रपूरच्या मोटारींपुरते विचाराल, तर पहिली तक्रार कोळशाच्या धुळीची असेल यात शंका नाही! पण १९८२ साली अमेरिकेत एका मोटारीला खरोखरच तोंड फुटले आणि पुढे चार वर्षे घरोघरची मंडळी तिचे बोलणे ऐकण्यासाठी दूरचित्रवाणीपुढे बसली. ‘नाइट रायडर’ हे त्या मालिकेचे नाव, ग्लेन लार्सन हा तिचा कर्ता, आणि मोटारीचे नाव ‘किट’. काळीकुळकुळीत कांती, पुढच्या अंगाला मागेपुढे सरकणारा तांबडा दिवा, बंदुकीच्या गोळीला दाद न देणारे अंग आणि तर्कशास्त्राच्या प्राध्यापकाला शोभावी अशी काटेकोर वाणी! तिचा तरुण सोबती मायकेल नाइट गुन्हेगारांच्या मागे लागे, आणि ही त्याला धोका सांगे, वाट दाखवी, प्रसंगी त्याची थट्टाही करी.

गंमत अशी की, किटला स्वतःची वाचा नव्हतीच. विल्यम डॅनियल्स नावाचा नट पडद्याआडून तिच्यासाठी बोलत असे. आपल्या पाध्यांच्या अर्धवटरावाचे तरी दुसरे काय आहे? बाहुला निर्जीव, वाचा माणसाची. तरी आपण हसतो ते बाहुल्याच्याच तोंडाकडे पाहून.

आता मात्र तो नटही दूर झाला आहे. संगणकाशी लेखी गप्पा मारण्याची जी यंत्रे निघाली आहेत, ज्यांना चॅटबॉट म्हणतात, त्यांतले एखादे किटच्या तोंडवळ्याचे करून घेण्याचा छंद हौशी लोकांना लागला आहे. ही कल्पना तशी जुनीच. १९६६ मध्ये जोसेफ वायझेनबॉम या शास्त्रज्ञाने असे एक यंत्र रचले आणि त्याला शॉच्या नाटकातल्या नायिकेचे, एलायझाचे, नाव दिले. हीच एलायझा १९७५ साली पु. लं.च्या हातून आपल्याकडे ‘फुलराणी’ होऊन अवतरली, हे वाचकांना सांगायला नकोच. एलायझा तुमच्याच वाक्यातला शब्द उचलून प्रश्न करी. तरी लोक तिच्यापाशी मन मोकळे करू लागले, तेव्हा खुद्द वायझेनबॉमच अस्वस्थ झाला. आजची यंत्रे अफाट मजकुरावर पोसलेली आहेत. त्यांना आरंभी साध्या भाषेत बजावायचे: “तू किट आहेस. नम्र राहा, नेमके बोल, थोडी फिरकी घे, माणसाच्या जिवाला जप.” बस्स, मोटार बोलू लागते. मराठी शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला यात नवल वाटत नाही. याला आमच्या वर्गात पात्रलेखन म्हणतात.

म्हणून एकदा वर्गात मुलांना म्हटले, करा पाहू अशी किट मराठीतून. मुलांनी केली. कोणी तिला विचारले, “वाघ समोर आला तर काय करू?” उत्तर मोठे सुरेख आले, शुद्धलेखनाची एक चूक नाही! वर्ग खूश झाला. मागच्या बाकावर सिंदेवाहीकडचा एक मुलगा बसला होता. त्याच्या घरची माणसे उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला जातात. तो हळूच म्हणाला, “मोटार ते खरी सर, पन आमच्या रानात येनार कोन्या रस्त्यानं?”

कोणी हसले नाही. १० मे २०२५ रोजी त्याच सिंदेवाहीच्या रानात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या होत्या. शहरातल्या वाचकाला वाटेल, जातात कशाला? त्या चार दिवसांच्या मजुरीवर पावसाळ्यातले बियाणे आणि मुलांच्या वह्या अवलंबून असतात, म्हणून जातात.

किटचा खरा भाऊबंद शोधायचा तर तो ताडोबाच्या शेजारी सापडेल. मोहर्लीजवळच्या सीतारामपेठ गावाच्या कडेला २०२३ साली असे कॅमेरे बसवण्यात आले की, समोर आलेले जनावर वाघ-बिबट्या आहे हे ते स्वतः ओळखतात आणि तसा इशारा धाडतात. या यंत्राला ना विनोद, ना ऐट. पण किटला जी पहिली आज्ञा होती, माणसाचा जीव वाचवण्याची, तीच ते निमूट पाळते. त्याला डोळे आहेत, वाचा नाही. वर्गातल्या किटला वाचा आहे, डोळे नाहीत. आणि दोघांपैकी कोणीही पाने तोडणाऱ्या बाईबरोबर रानात जात नाही.

उद्या समजा गेलेच, तर बोलेल कोणत्या भाषेत? २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे तीस लाख भरले. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने ‘आदि वाणी’ हे भाषांतराचे साधन प्रायोगिक रूपात आणले. त्यात गोंडीला जागा मिळाली हे चांगलेच झाले. पण ती गोंडी छत्तीसगडची. गडचिरोलीत भामरागडकडची माडिया म्हातारी त्या यंत्राशी बोलू शकेल, तेव्हा काम झाले म्हणायचे. धोक्याची सूचना ज्या भाषेत आई लेकराला हाक मारते त्याच भाषेत यायला हवी. तिथे अर्थ लावत बसायला सवड नसते. रानातले वानर वाघ दिसताच खेकारते, तेव्हा चितळालाही दुभाष्या लागत नाही!

त्या मालिकेत ‘कार’ नावाची आणखी एक मोटार होती. घडण किटसारखीच, बुद्धीही तशीच. फरक एवढाच की, तिला पहिली आज्ञा दिली होती स्वतःला वाचवण्याची. तेवढ्याने ती दुष्ट झाली. चांगुलपणा लोखंडात नव्हता, तो पहिल्या आज्ञेत होता, आणि ती आज्ञा कोणा माणसानेच दिली होती. आज शहाणी यंत्रे घडवणाऱ्यांत आपलीच मुलेबाळे आहेत; पुण्यात, बंगळुरात, सातासमुद्रापार. दिवाळीला ती घरी येतील. फराळाच्या ताटावर त्यांच्या पगाराची चौकशी होईलच; तिच्या जोडीने एवढेही विचारा, की बाबा रे, तुझ्या यंत्राची पहिली आज्ञा काय, आणि ती दिली कोणी? पुढच्या मे महिन्यात तेंदूला पुन्हा पाने फुटतील, आणि बायका पहाटेच रानात शिरतील.