अंधार दाखवायला उजेड लागतो

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या बिलोलीतील नववीच्या काही मुलांनी भुताचा सिनेमा काढायचे ठरवले. भांडवल म्हणजे एक मोबाईल, एक पांढरी चादर आणि कुणाच्या तरी दादीचा जुना कंदील. रात्री लिंबाच्या झाडाखाली चित्रण झाले. सकाळी पाहिले तर भूतही दिसेना आणि झाडही दिसेना. काळ्या पडद्यावर नुसते दाणे वळवळत होते. मुले हिरमुसली. मग आम्ही त्यांच्याबरोबर बसून कॅमेरा समजून घेतला.

उजेड कमी पडला की मोबाईल आपोआप आयएसओ वाढवतो. त्याने चित्र उजळते, पण दाणेही वाढतात. म्हणून ‘प्रो’ मोडमध्ये आयएसओ 400 ठेवावा, 800 च्या पुढे जाऊ देऊ नये. उरलेला उजेड दिव्याने भरून काढावा. दिवा समोर नको, बाजूला हवा. म्हणजे अर्धा चेहरा उजळतो आणि अर्धा काळोखात राहतो. भीती त्या न दिसणाऱ्या अर्ध्यात असते.

शटर 1/50 आणि फ्रेम सेकंदाला 25 ठेवाव्यात. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे या शटरवर ट्यूबलाईटची लपलप चित्रात येत नाही. फोकस हाताने पक्का करावा, नाहीतर अंधारात तो सारखा भटकतो. व्हाइट बॅलन्सही ‘ऑटो’वर सोडू नये.

रात्रभर जागायचीही गरज नाही. मगरिबच्या सुमारास, आभाळात थोडा उजेड असतानाच चित्रण करावे. व्हाइट बॅलन्स 3200 वर आणला की सगळे निळसर होते. एक्स्पोजर थोडे उतरवले की पडद्यावर मध्यरात्र होते.

पैसा नाही ही अडचण जुनीच आहे. मालेगावच्या नासिर शेख यांनी 2000 साली व्हिडिओ कॅमेऱ्यावर ‘मालेगाव के शोले’ काढला. पुढे फैजा अहमद खान यांनी या मंडळींवर माहितीपट केला. त्यात सायकलीची ट्रॉली आणि बैलगाडीची क्रेन झालेली दिसते. रामसे बंधूंचा ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ हा 1972 चा भयपट महाबळेश्वरला चित्रित झाला. तुलसी आणि श्याम दिग्दर्शक, गंगू कॅमेऱ्यावर. घरच्या भावांनीच कामे वाटून घेतली होती.

मुलांना आम्ही तीन अटी घातल्या. कब्रस्तानात चित्रण नाही, वाटसरूला घाबरवणे नाही आणि प्रत्येक घरी आधी सांगायचे. एका अम्मीने आक्षेप घेतला, “सर, पोरं आधीच अंधाराला भितात, त्यात हे कशाला?” प्रश्न रास्त होता. त्यांचा धाकटा मुलगा रात्री अंगणात एकटा जात नसे.

आम्ही त्यालाच बोलावले आणि कंदील त्याच्या हाती दिला. कंदील खाली धरला की भिंतीवर चादरीची सावली छतापर्यंत जाई. वर उचलला की ती लहान होई. त्याने सावली चार-पाच वेळा लहानमोठी करून पाहिली आणि हसत सुटला.

सिनेमा सहा मिनिटांचा झाला. मोहल्ल्यातील बायकामुलांनी तो एका घरच्या ओसरीवर एकत्र पाहिला. सावली छताला भिडली तेव्हा सगळे दचकले. धाकटा मात्र मोठ्याने म्हणाला, “कंदील मी धरला होता!”