शस्त्रक्रियेनंतरची वेदनाशामके आणि औषधांची ॲलर्जी

सोलापुरात शस्त्रक्रिया करून अक्कलकोट तालुक्यातील गावी परतलेल्या रुग्णाच्या गोळ्यांची जबाबदारी घरच्यांवर येते, आणि कर्नाटकाच्या सीमेलगतच्या या तालुक्यात अनेक घरांत कन्नड बोलली जात असल्याने, मराठीत दिलेली सूचना नेमकी समजली की नाही, हे परिचारिकेने रुग्णाकडूनच वदवून घेणे अत्यावश्यक ठरते. वेदना असह्य होईपर्यंत गोळी टाळणे हिताचे नसते, कारण दुखण्यामुळे रुग्ण खोल श्वास व हालचाल टाळतो आणि न्यूमोनियाचा किंवा पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. मात्र प्रौढाने दिवसाला 4 ग्रॅमपेक्षा अधिक पॅरासिटामॉल घेतल्यास यकृताला इजा होऊ शकते, आणि हेच द्रव्य सर्दीच्या अनेक गोळ्यांतही असते.

ॲलर्जी म्हणजे शरीराच्या प्रतिकारयंत्रणेने औषधावर दिलेली विपरीत प्रतिक्रिया; अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, धाप लागणे ही तिची लक्षणे असून, ट्रामाडॉल या वेदनाशामकाने होणारी मळमळ हा बहुधा केवळ दुष्परिणाम असतो. काही प्रतिक्रिया आठवड्यांनंतर प्रकटतात: मेफेनॅमिक ॲसिड या सर्रास घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामकामुळे ताप, पुरळ आणि अंतर्गत अवयवांना इजा संभवते, असा इशारा भारतीय औषधसंहिता आयोगाने 2023 मध्ये दिला.

औषधाचे नाव व झालेला त्रास लिहिलेला कागद प्रत्येक डॉक्टरांना दाखवावा. धाप लागल्यास 108 वर रुग्णवाहिका बोलवावी.